तळ्याआधीचं हळदीकुंकू

सुधाकररावांची डिझेल गाडी दहा वर्षांची झाली आणि दिल्लीकडच्या नियमाप्रमाणे तिला घरातून जावं लागलं. माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात, गाडीला दहाव्या. सुधाकररावांना गाडीची दया आली ती अगदी मनापासून, कारण ते स्वतः नुकतेच केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांनाही कोणी पुन्हा बोलावलं नव्हतं. नवी गाडी घ्यायची नाही, मेट्रो आहे की, असं नवराबायकोनं एकमतानं ठरवलं. निर्णय एवढासाच. पण त्यामुळे गुरुग्राममधल्या त्यांच्या घराचं गॅरेज रिकामं झालं, आणि रिकामी जागा दिसली की माणसाला काहीतरी सुचतंच. इथे माणसं दोन होती, म्हणून दोन गोष्टी सुचल्या.

कुमुदिनीबाईंना सुचलं ते साधं होतं. निवृत्तीपर्यंत त्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. एका जिन्यावर आठ दारं, त्यातली निम्मी सदा उघडी. संक्रांतीला हळदीकुंकू घ्यायला जाताना चप्पल घालायचीही गरज पडत नसे. गुरुग्रामला आल्यापासून मात्र प्रत्येक दाराला फाटक, फाटकाला चौकीदार, आणि चौकीदाराला आपण कोण ते सांगायचं. बाई कोणाकडे उगीच टेकायला जाईल, ही सोयच उरली नव्हती. गॅरेजमध्ये सतरंजी टाकावी, महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना आठवड्यातून एकदा बोलवावं, असं त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सुधाकरराव पेपरामागून "हं" म्हणाले. (सरकारी माणसाच्या "हं"चा अर्थ मंजुरी असा होत नाही. कागद पाहिला, एवढाच होतो. कुमुदिनीबाईंना हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.)

सुधाकररावांना सुचलं ते तळं.

त्यांचं लहानपण वाईला गेलेलं. घाटावर बसून चुरमुरे टाकायचे आणि मासे जमवायचे, हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ. पुढे नोकरीत मासे पाळायचं राहून गेलं. आता मोबाइलवर जपानी माशांचे व्हिडिओ बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असं एक तळं उभं राहिलं. केशरी, पांढरे मासे, काठाला वेताची खुर्ची, खुर्चीत आपण. तळं घरातच हवं, याबद्दल त्यांची खात्री होती. मे महिन्यात दिल्लीला पाणी उघड्यावर ठेवलं तर माशांचं कालवण आपोआप होतं.

प्रश्न एकच होता. गॅरेजच्या खाली तळघर होतं आणि तळघरात विक्रांत होता.

विक्रांत त्यांचा भाडेकरू, मूळचा पुण्याचा. मानेसरच्या एका कारखान्याचं संगणकाचं काम बघायचा आणि बहुतेक दिवस घरूनच बघायचा. काकूंच्या हातची आमटी मिळते म्हणून तळघरातही खूश होता. सुधाकरराव खाली जाऊन त्याला म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे? वरची फरशी तळं पेलेल का?"

विक्रांतनं मोबाइलवर गुणाकार केला आणि छताकडे बघितलं. "काका, नुसतं पाणीच तीन टनांच्या वर जातंय."

"म्हणजे गाडीएवढंच की."

"दोन गाड्या. एकीवर एक ठेवलेल्या."

"मग तुझं मत काय?"

"काका, डिग्री सिव्हिलची आहे, पण तेव्हापासून मी फक्त कोड लिहितोय. स्ट्रक्चर्सचा पेपर मला ग्रेसनं सुटला होता. माझं मत कशाला घेता, यार?"

"तरी पण."

"मत असं काही नाही. मी त्याच्याखाली झोपतो, एवढंच सांगतो."

सुधाकररावांनी हे विरोधी मत मानलं नाही. मग त्यांनी घर बांधणाऱ्या ठेकेदाराला, चौधरीला गाठलं. चौधरीनं गॅरेजच्या फरशीवर बूट दोनदा आपटला. "बेफिकर रहो साहब. हाथी बाँध लो हाथी!"

"लिख के दोगे?"

"लिखना क्या है? ज़बान है हमारी." एवढं म्हणून चौधरी मोटरसायकलवर बसला, आणि फाटकाबाहेर पडल्यावर मान वळवून म्हणाला, "मैंने हाथी का बोला है. पानी का मामला अलग होता है."

तिसरं मत त्यांनी विश्वनाथरावांचं घेतलं. विश्वनाथराव म्हणजे क्वार्टरमधले जुने शेजारी, लेखापरीक्षण खात्यातले. ते फोनवर म्हणाले, "तत्त्वतः माझी काही हरकत नाही. फरशीचं मात्र सक्षम अधिकाऱ्यानं बघावं."

मागून त्यांच्या बायकोचा, रेवतीबाईंचा आवाज आला. "कोण आहे हो?"

"सुधाकरराव. घरात तळं करतायत म्हणे."

"कुठे? खाली काय आहे?"

"तू तुझं चालू दे," असं म्हणून विश्वनाथरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

तीन मतं झाली. नाही कोणी म्हणालं नाही आणि हो म्हणायला कोणी तयार नव्हतं. मंत्रालयात अशी फाइल वर्षभर फिरून जाडजूड झाली असती आणि सुखानं कपाटात गेली असती. पण इथे मासे वाट बघत होते. तेव्हा सुधाकररावांना आठवलं, की नवा पूल उघडण्याआधी त्यावर भरलेले ट्रक उभे करून बघतात. आपणही फरशीवर आधी तेवढं वजन ठेवून बघावं! रेतीच्या गोण्या आणाव्यात, असं त्यांच्या मनात आलं. पण हिवाळ्याचे दिवस, हवा काळीकुट्ट, प्रदूषणापायी बांधकामावर बंदी. दारात रेतीची एक गोण दिसली असती तरी दंडाची पावती आली असती. जड असेल, आपल्या पायांनी येईल, आपल्या पायांनी जाईल आणि जिला कोणाची परवानगी लागणार नाही, अशी वस्तू कोणती, याचा विचार करत ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

कुमुदिनीबाई तीळ भाजत होत्या. म्हणाल्या, "संक्रांत आली हो. यंदा तरी कोण येणार म्हणा."

सुधाकररावांनी पेला खाली ठेवला. "कुमुद, यंदा हळदीकुंकू दणक्यात करू. गॅरेजमध्ये. सगळ्या मंडळाला बोलाव."

उलथनं कढईत थांबलं. "तुम्ही म्हणताय हे?"

"किती बायका येतील?"

"वीस-पंचवीस तरी."

"पन्नास हव्यात. बावन्न झाल्या तर फारच उत्तम."

कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटायचं, मी बोलते ते तुम्हाला ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या आणि घाईघाईनं तिळाकडे वळल्या. सुधाकररावांना आत कुठेतरी टोचलं. पण एका दगडात दोन पक्षी मरत असतील तर पक्ष्यांपैकी एकीला ते कळायलाच हवं असं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग मनातला हिशेब बसून कागदावर मांडला. बायकांचं वजन सरासरी पासष्ट किलो धरलं. स्वतःचं अठ्ठावन्न धरलं, कारण नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणीत तेवढं भरलं होतं आणि त्यानंतर ते बदलल्याचं कोणी लेखी कळवलं नव्हतं.

संक्रांतीचा दिवस उजाडला. मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव पुरुषमंडळींना घेऊन बसनं पानिपतला गेले. पानिपतची लढाई चौदा जानेवारीची, म्हणून त्याच दिवशी तिथल्या काला अंब स्मारकाला जाऊन नमस्कार करून यायची मंडळाची रीत होती. संध्याकाळी बस सुधाकररावांच्या दारात येणार होती, म्हणजे ज्याची त्यानं आपली बायको घरी न्यावी. सुधाकरराव गुडघा दुखतो म्हणून मागे राहिले आणि सकाळीच त्याच गुडघ्यावर बसून, मोजपट्टी लावून, गॅरेजमध्ये रांगोळीनं दहा बाय सहाचा चौकोन आखला. नवऱ्याच्या हातात रांगोळी बघून कुमुदिनीबाई दारातच थबकल्या. मग कौतुकानं खाली बसल्या आणि त्या चौकोनात त्यांनी दुपारपर्यंत पतंग, सूर्य आणि तिळगुळाच्या वाट्या काढल्या.

विक्रांतला तळघरात छत बघत बसायचं काम दिलं होतं. तो डोक्यावर हेल्मेट घालून बसला होता. "फोन चालू ठेव," सुधाकरराव त्याला म्हणाले. "आणि ट्यूबलाइटवर लक्ष ठेव. ती साखळीनं टांगलेली आहे, काही झालं तर आधी तीच हलेल."

चार वाजता बायका येऊ लागल्या, आणि पहिली अडचण लगेच कळली. ठसठशीत रांगोळीवर कोणती मराठी बाई पाय ठेवील? आलेली प्रत्येक जण "अय्या, किती सुरेख!" म्हणायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि पदर सावरून भिंतीच्या कडेला बसायची. तळ्याच्या जागी कोणीच नाही आणि काठाला गर्दी! "मध्ये बसा ना," सुधाकरराव आर्जवानं म्हणाले. "रांगोळीवर?" सगळ्या एकदम म्हणाल्या. तेव्हा त्यांनी आतून टेबलफॅन आणला आणि जानेवारीच्या थंडीत तो पूर्ण वेगानं सोडला. बायकांनी शाली कानावरून घेतल्या. पतंग उडाले, सूर्य मावळला, आणि सुधाकररावांनी त्या जागी चपळाईनं सतरंजी अंथरली. कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे जसं बघितलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. बायका थांबतच नव्हत्या. हळद, कुंकू, गुलाबपाणी, तिळगूळ, ओटीत वाण, की निघाल्या. "बसा की वहिनी," सुधाकरराव म्हणायचे. "नाही हो, अजून चार घरं आहेत." इतकी वर्षं घरात हळदीकुंकू झालं की ते आतल्या खोलीत पेपर घेऊन बसत. त्यामुळे हा कार्यक्रम म्हणजे सभा नव्हे, ये-जा आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊकच नव्हती.

"काका, किती झाल्या?" विक्रांतनं फोनवर विचारलं.

"आल्या अठरा. गेल्या सोळा."

"मग टेस्ट?"

"दोघींवर चालू आहे," सुधाकरराव खिन्नपणे म्हणाले.

त्यांनी कुमुदिनीबाईंना बाजूला घेतलं. "या अशा पळतायत का?"

"पळतायत कसल्या? रीतच आहे ती. वाण हातात पडल्याशिवाय बाई उठत नाही आणि पडल्यावर बसत नाही."

सुधाकररावांना प्रकाश दिसला. यंदाचं वाण म्हणजे चहाच्या स्टीलच्या गाळण्या होत्या. त्यांचं खोकं आतल्या खोलीत होतं. पाच मिनिटांनी ते तिथे नव्हतं.

त्यानंतर ज्या बायका आल्या त्या बसल्या. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण येईना. आता यात गंमत अशी आहे, की मी वाणासाठी थांबले आहे, असं कोणतीही बाई तोंडानं म्हणणार नाही. तशी म्हणणारी बाई अजून जन्मली नाही. त्यामुळे त्या मुलांच्या परीक्षांवर बोलल्या, हवेवर बोलल्या, गुडघ्यांवर बोलल्या. नव्या येतच होत्या. गॅरेज भरत चाललं. कोणीतरी उखाण्यांचा विषय काढला आणि मग काय विचारता! सुधाकरराव कॉफीचा ट्रे घेऊन लगबगीनं फिरू लागले, कोपऱ्यातल्यांना मध्ये सरकवू लागले. "रेवतीबाई, तुम्ही इकडे या. नाही, अजून जरा डावीकडे." रेवतीबाई दोनदा उठल्या, तिसऱ्यांदा उठताना त्यांनी आधी फरशीकडे आणि मग सुधाकररावांकडे बघितलं.

आत कुमुदिनीबाई कपाटं उपसत होत्या. "अहो, गाळण्या कुठे गेल्या? सकाळी इथेच होत्या ना!" पण त्यांचा चेहरा फुलला होता. क्वार्टरमधल्या जुन्या शेजारणी आज पहिल्यांदाच या घरात तासभर टेकल्या होत्या. कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि कुमुदिनीबाई भिंतीला टेकून हसल्या, पूर्वी जिन्यात उभ्या राहून हसायच्या तशा. ते हसणं आपण कितीतरी दिवसांत ऐकलं नाही, हे सुधाकररावांच्या लक्षात आलं. त्यांना बरंही वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. ट्रे तसाच धरून ते क्षणभर उभे राहिले.

तेवढ्यात फाटकाशी बस थांबली. पद्माकरराव, विश्वनाथराव आणि थंडीनं काकडलेली सगळी पुरुषमंडळी कॉफीच्या वासानं सरळ आत आली. सुधाकररावांनी मान उंचावून मोजलं. पन्नास, एक्कावन्न, बावन्न! ते आनंदानं ट्रे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले, आणि खिशातला फोन वाजला.

"काका! ट्यूबलाइट हलतेय!"

"थोडीशी?"

"थोडीशी-बिडीशी नाही! चांगली झुलतेय! मी निघालो!"

सुधाकररावांच्या हातातला ट्रे कोणाच्या तरी मांडीवर गेला. "बाहेर!" ते ओरडले. "सगळे बाहेर पडा! फरशी!"

दिल्लीकडे राहणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. "भूकंप," कोणीतरी म्हणालं, आणि सगळं मंडळ सवयीनं, धक्काबुक्की न करता, शाली आणि कॉफीचे कप घेऊन रस्त्यावर जाऊन उभं राहिलं. लगेच मोबाइल निघाले. नोएडाच्या बहिणीला काही जाणवलं नव्हतं. द्वारकेच्या दिरालाही नाही. शेजारचा चौकीदार विचारू लागला, "भूकंप आया क्या, साहब?" पद्माकरराव मोबाइलवर बातमी शोधत म्हणाले, "अजून आलेली नाही. पाच मिनिटं लागतात."

तेवढ्यात तळघराच्या पायऱ्यांवरून विक्रांत वर आला. डोक्यावर हेल्मेट आणि दोन्ही हातांत गाळण्यांचं खोकं. कितीही घाबरला तरी काकूंची वस्तू टाकून पळणारा तो मुलगा नव्हता.

"काकू, हे वाण."

"तुझ्याकडे कसं?"

"काकांनी ठेवायला दिलं होतं. टेस्ट होईपर्यंत."

"कसली टेस्ट?"

सगळ्या माना सुधाकररावांकडे वळल्या. सुधाकररावांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे, की तळ्याच्या संदर्भात, फरशीची क्षमता अजमावण्याच्या दृष्टीनं..." इथून पुढे ते बराच वेळ बोलले. एवढ्या लांब वाक्यातूनही अर्थ बाहेर पडायचा तो पडलाच.

"म्हणजे आम्हाला वजन म्हणून बोलावलंत?" एक बाई म्हणाल्या.

"सरासरी धरली होती हो. कोणाचं व्यक्तिशः नाही."

"किती धरली?"

"पासष्ट. माझं अठ्ठावन्न."

"पासष्ट? मला पासष्ट?" बारीक बायका एकदम उसळल्या. स्वरूपाबाई तेवढ्या शांत होत्या. त्या अंगानं चांगल्या भरलेल्या. "धरलेत ना पासष्ट? राहू द्या की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुधाकररावांकडे कृतज्ञतेनं बघितलं.

पद्माकररावांनी मोबाइल खिशात ठेवला. "पानिपतला जाऊन सुखरूप आलो, आणि पानिपत व्हायचं ते तुमच्या गॅरेजात होत होतं!"

हसू फुटलं तसा राग ओसरला. फक्त कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी खोकं उघडलं आणि फाटकाशी उभं राहून एकेकीच्या ओटीत गाळणी घातली. शेवटची गाळणी देऊन झाल्यावर त्या नवऱ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्यासाठी केलंत."

सुधाकरराव म्हणजे आयुष्यभर प्रत्येक पत्राला उत्तर देणारा माणूस, पण याला काही मसुदा नव्हता.

या सगळ्यात रेवतीबाई दिसत नव्हत्या. त्या तळघरात गेल्या होत्या. मोबाइलचा दिवा लावून त्यांनी छत बघितलं, तुळया बघितल्या, भिंतीवर टकटक केली, आणि वर येऊन हात झटकत म्हणाल्या, "फरशीला काही झालेलं नाही. सगळे आत चला, थंडी आहे."

"तुम्हाला कसं कळलं?" सुधाकररावांनी विचारलं.

"अहो, हिचं कामच ते आहे," विश्वनाथराव म्हणाले. "सरकारी इमारतींच्या तुळया-खांबांचे हिशेब ही करते. आता निवृत्तीला आली."

सुधाकररावांना रेवतीबाई क्वार्टरमधल्या दिवसांपासून माहीत होत्या. चिवड्यात खोबरं जास्त घालणाऱ्या बाई, म्हणून. "मग परवा फोनवर बोलला का नाहीत?"

"तुम्ही माझं मत विचारलं होतंत," विश्वनाथराव शांतपणे म्हणाले.

मंडळी पुन्हा सतरंजीवर बसली. रेवतीबाईंनी सुधाकररावांना समोर बसवलं. "हे बघा, ही फरशी गाडीसाठी केलेली आहे. गाडी दीड टनाची, तीही सकाळी बाहेर जाते. तुमचं पाणी तिच्या दुपटीहून जास्त आणि रात्रंदिवस तिथेच. बायका वाण घेऊन घरी जातात, पाणी जात नाही. शिवाय तुमच्या चौकोनात पन्नास माणसं मावतच नाहीत, निम्म्या आम्ही भिंतीशी होतो. आजच्या तुमच्या परीक्षेतून एवढंच सिद्ध झालं, की या गॅरेजात हळदीकुंकू करता येतं."

"म्हणजे तळं नाहीच?"

"करायचंच असेल तर होईल. खालून दोन लोखंडी खांब आणि वर तुळई द्यायची."

सुधाकररावांचे डोळे चमकले. "खांब कुठे येतील?"

"एक भिंतीजवळ. दुसरा विक्रांतच्या पलंगाच्या मधोमध."

विक्रांतनं नुकतंच काढलेलं हेल्मेट पुन्हा घातलं. पण काका काय म्हणतील ते म्हणोत, अशी त्याच्या चेहऱ्यावर तयारी दिसत होती. आमटीचे उपकार मोठे असतात.

इकडे बायकांचं वेगळंच चाललं होतं. जागा छान आहे, जिना चढायचा नाही, गुडघ्यांना बरं, दर गुरुवारी जमू या का, असं एकीनं काढलं आणि बाकीच्यांनी उचलून धरलं. "काय कुमुदताई?" सगळ्यांनी विचारलं.

कुमुदिनीबाई कप गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको गं. इथे त्यांचं तळं व्हायचंय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सुधाकररावांनी तो झेलला असता, तेवढा सराव होता. पण ती बाई खरंच जागा सोडून द्यायला निघाली होती, आणि ते त्यांना सोसवेना. त्यांनी आयुष्यात फायलींवर "विचारार्थ सादर" लिहिलं, "चर्चा करावी" लिहिलं, "वरील मताशी सहमत" तर कितीदा लिहिलं. स्वतः हो किंवा नाही लिहायची पाळी त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती. केशरी-पांढरे मासे एकदा डोळ्यांसमोरून पोहून गेले.

"तळं नको," ते म्हणाले. "गॅरेज कुमुदचं."

कोणत्याही अटीच्या अधीन न राहता दिलेला हा त्यांचा पहिलाच निर्णय होता. कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग "कॉफी अजून आहे, कोणाला हवी?" असं त्यांनी जरा जास्तच मोठ्या आवाजात विचारलं आणि आत निघून गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

रथसप्तमीला रेवतीबाई आल्या त्या हातात काचेचं गोल भांडं घेऊन. त्यात दोन केशरी मासे होते. "एवढं फरशी पेलेल," त्या म्हणाल्या. "हवं तर लिहून देते." कुमुदिनीबाईंनी गॅरेजच्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं, त्यावर भांडं ठेवलं आणि शेजारी वेताची खुर्ची आणून ठेवली. गुरुवारी बायका जमायच्या. सतरंजी घालायची आणि झटकून घडी करायची हे काम सुधाकररावांकडे आलं. बाकीच्या दिवशी गॅरेज त्यांचं आणि माशांचं. उरलेल्या तिळगुळाचा डबाही तिथेच असायचा. एक लाडू तोंडात टाकायचा, माशांना दाणे टाकायचे आणि गॅरेजभर फेऱ्या मारायच्या, असा त्यांचा सुखाचा क्रम बसला.

एका मंगळवारी दुपारी ते असेच फेऱ्या मारत होते. फोन वाजला. तळहात तिळगुळानं चिकट झाले होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काका, आज गुरुवार आहे का?" खालून विक्रांतचा आवाज.

"मंगळवार आहे. का रे?"

"मग वर एवढ्या बायका कशा? ट्यूबलाइट झुलतेय. अगदी त्या दिवशीसारखी."

"वर कोणी नाही. मी एकटाच आहे."

"काका, तुम्ही चालताय का?"

"फेऱ्या मारतोय."

"जरा थांबा बरं."

सुधाकरराव थांबले.

"थांबली," विक्रांत म्हणाला. "आता चाला."

सुधाकरराव दोन पावलं चालले.

"हलली. काका, त्या दिवशी कॉफी कोण फिरवत होतं?"

सुधाकररावांनी अर्धा लाडू हळूच डब्यात परत ठेवला. तोवर कुमुदिनीबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या आणि फोनवर वाकून म्हणाल्या, "घाबरू नकोस रे विक्रांत. अठ्ठावन्न किलोच आहेत."